माझा आवाज वाढला तेव्हा

मित्रांनो, रस्त्यात कधी भेटले तर तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहणार नाही. मी एक जुनी, काळी मोटरसायकल आहे. माझ्यासारख्या गाड्या प्रत्येक गल्लीत कुठल्या ना कुठल्या भिंतीशी उभ्या असतात. टाकीवर पोचे, सीटच्या शिवणीतून डोकावणारा स्पंज, एक आरसा नवा आणि एक जुना. पण एका सकाळी माझ्यामुळे दोन माणसांचा जीव टांगणीला लागला होता. ती हकीकत तुम्हाला सांगावी असे फार दिवस मनात आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. फिरत्या पट्ट्यावरून मी पुढे सरकत होते आणि प्रत्येक कामगार मला काहीतरी देत होता. कुणी चाके दिली, कुणी दिवा दिला. अगदी शेवटी एका बाईने माझ्या कुशीला सायलेन्सर बसवला. तुम्हाला वाटत असेल, सायलेन्सर म्हणजे धूर बाहेर सोडणारा एक नळा. तसे नाही. त्याच्या पोटात पत्र्याचे पडदे असतात, भोके पाडलेली पुंगळी असते. इंजिनातून सुटलेला तापलेला धूर त्यातून वळसे घेत, आदळत, थंडावत बाहेर पडतो आणि त्याचा आवाज वाटेतच दमून जातो. माझ्या इंजिनाने किती हवा घ्यायची, किती पेट्रोल प्यायचे आणि धूर कोणत्या वेगाने सोडायचा, याचे गणित त्या सायलेन्सरशी जुळवलेले होते. तो माझ्या श्वासाचाच एक भाग होता.

माझे पहिले मालक घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचत. शांत माणूस. ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत आणि मीही त्यांना कधी रस्त्यात उभे केले नाही. माझ्या इंजिनात काही कुरबुर झाली की ते लांब पान्याचे एक टोक इंजिनाला लावत, दुसरे कानाशी धरत आणि डोळे मिटून ऐकत. "काही नाही, चेन सैल झालीय," असे म्हणून ते कामाला लागत. घरची मंडळी हसत. बायको म्हणे, "माझं डोकं दुखतंय ते मात्र यांना सांगावं लागतं."

ते निवृत्त झाले आणि मी त्यांच्या मुलीकडे आले. चणीने लहान म्हणून घरात तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणी एका रक्तपेढीत काम करत होती. तिथून रक्ताच्या पिशव्या घेऊन लहानमोठ्या दवाखान्यांत पोचवायच्या, हे तिचे काम. माझ्या मागच्या कॅरिअरवर बर्फाच्या पिशव्या घातलेली एक जाड पेटी पट्ट्यांनी आवळलेली असे. ती पेटी पाठीवर आली की मला उगाचच भारदस्त वाटे.

पण रस्ते आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. चिमणी माझ्यावर बसली की पाय जेमतेम जमिनीला टेकत. मोठ्या गाड्यांच्या घोळक्यात आम्ही दोघी कुणाला दिसतच नसू. एके दिवशी एका ट्रकने बाजूला कुणी आहे की नाही हे न पाहता वळण घेतले. मला त्याच्या मागच्या चाकाचा धक्का लागला. मी गटाराच्या कडेला आडवी झाले आणि चिमणी माझ्याखाली सापडली. पेटी उघडून पिशव्या रस्त्यावर पसरल्या. ट्रकवाला धावत खाली उतरला. माणूस वाईट नव्हता. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला, "ताई, ऐकूच आलं नाही हो. देवाशपथ, गाडी आहे हेच कळलं नाही."

चिमणीचा गुडघा बरा झाला, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेले नाही. ऐकूच आलं नाही. चालता येऊ लागताच ती मला घेऊन गॅरेजमध्ये गेली.

गॅरेजवाल्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो सकाळी सुरू झाला की संध्याकाळीच बंद होई. हात सोन्याचे, पण तोंडाला लगाम नाही.

"मला आवाज हवाय," चिमणी म्हणाली. "समोरच्याला लांबूनच कळलं पाहिजे की मी येतेय."

"एवढंच ना? मोकळा पाइप टाकू. वजन कमी, पिकअप वाढेल, आवाज असा येईल की म्हशी रस्ता सोडतील." रेडिओने हात पुसले. मग जरा थांबून म्हणाला, "फक्त कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलावा लागेल. धूर झटकन बाहेर पडायला लागला की इंजिन हवा जास्त ओढतं, तेवढं पेट्रोलही वाढवायला हवं. जेट आत्ता माझ्याकडे नाही. आठवड्याभरात ये, पाच मिनिटांचं काम."

"येईन," चिमणी म्हणाली.

माझा जुना सायलेन्सर काढताना बोल्ट निघेनात, इतके ते एकमेकांना धरून बसले होते. रेडिओने तो भंगाराच्या ढिगावर फेकला आणि एक आखूड, चकचकीत नळा माझ्या कुशीला लावला. त्याच्या पोटात काहीच नव्हते. पडदे नाहीत, पुंगळी नाही. आरपार मोकळा. किक बसली आणि मित्रांनो, मी स्वतःच दचकले. गॅरेजच्या पत्र्यावरची धूळ खाली आली.

सुरुवातीचे दिवस मोठ्या दिमाखाचे होते. माणसे वळून पाहत. ट्रक खरोखरच बाजूला होत. मोकळ्या, सरळ रस्त्यावर भरधाव निघाले की मला अंगात वारे शिरल्यासारखे होई. चिमणीची भीती गेली. ती ताठ बसू लागली. तिच्या पाठीत आलेला तो ताठपणा मला आवडला होता.

पण घराच्या गल्लीत शिरलो की वेगळीच तऱ्हा. शेजारची परिचारिका वहिनी रात्रपाळी करून दुपारी झोपे. ती डोळे चोळत खिडकीत येई आणि खिडकी आपटून लावून घेई. चिमणीचे बाबा तर पहिल्याच दिवशी दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं गाडीला?"

"काही नाही. आवाज वाढवलाय."

"हा आवाज नाही, बोंब आहे."

"बाबा, तुम्ही फिरत होतात तेव्हा रस्ते रिकामे होते. ट्रकची धडक मला बसली, तुम्हाला नाही."

बाबा आत निघून गेले. त्यानंतर बापलेकीत मीठ आण, दार लाव यापलीकडे बोलणे उरले नाही.

आणि माझ्या पोटात काहीतरी बिघडू लागले होते. वेगात असताना मी ठीक असे. पण गर्दीत, चढावर, जिथे हळू आणि जोर लावून चालायचे असते, तिथे माझा दम उखडू लागला. पूर्वी पहिल्या गिअरमध्ये मी भिंतीवरही चढले असते. आता रेस दिली तरी क्षणभर आत पोकळी झाल्यासारखे वाटे, आचका बसे, मग कुठे गती येई. चिमणी मला जास्त पिळू लागली. पेट्रोल लवकर संपू लागले. रेस सोडली की नळ्यातून फटाके फुटत. इंजिन इतके तापे की चिमणी पँटवरून पाय चोळत बसे. आणि सगळे अंग असे थरथरे की दोन्ही आरशांत मागचा रस्ता नुसता पुसट पट्ट्यासारखा दिसे.

एका सकाळी बाबा खाली उतरले. चिमणी आवरत होती. त्यांनी माझा प्लग काढला, उजेडात धरला आणि ती येईपर्यंत तसेच उभे राहिले.

"हे बघ. पांढरा पडलाय. पेट्रोल कमी, हवा जास्त. आतून भाजतेय ती."

"माहितेय मला. जेट बदलायचाय. रविवारी जाते."

"गेल्या रविवारीही हेच म्हणालीस."

"गेल्या रविवारी ड्यूटी लागली! मी काय मजा मारत फिरते का?" ती पेटीची पट्टी आवळत म्हणाली. बाबांनी प्लग परत बसवला, हात सदऱ्यालाच पुसले आणि तिच्याकडे न पाहता जिना चढून गेले.

तिला खरोखरच वेळ नव्हता. त्याच सकाळी डोंगरावरच्या रुग्णालयातून फोन आला. लाकडाच्या वखारीत एका कामगाराचा हात करवतीत गेला होता. त्याच्या गटाचे रक्त तिथे नव्हते. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत थांबले होते. पेटी भरली गेली आणि आम्ही निघालो.

डोंगराचा रस्ता रुंद करण्याचे काम तेव्हा चालू होते. पायथ्याशी पोचलो तर ट्रक, टेम्पो, मोटारी यांची भलीमोठी रांग. चिमणी रांगेच्या कडेकडेने मला पुढे काढू लागली. एका ट्रकमधून चालकाने डोके बाहेर काढले आणि हात हलवून तो काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलताना दिसले. शब्द माझ्या आवाजात बुडाले. हल्ली माझ्या नावाने बोटे मोडणारे रोज कुणी ना कुणी भेटत असे, म्हणून चिमणीने त्याच्याकडे दुर्लक्ष केले. नंतर कळले, तो सांगत होता, "पुढे सुरुंग आहे! थांबा!"

रांग हलत नाही हे पाहून तिने मला उजवीकडच्या पायवाटेवर वळवले. मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांमागून ती वाट जाई आणि थोडे वर पुन्हा मोठ्या रस्त्याला मिळे. कधी घाई असली की आम्ही तिथूनच जात असू. या वेळी ती वाट मोठ्या रस्त्याला जिथे मिळाली, ते ठिकाण अडवलेल्या रस्त्याच्या आतल्या बाजूला होते.

खाली, अडथळ्याशी, लाल झेंडी घेऊन एक म्हातारा मजूर उभा होता. सगळे त्याला झेंडीवाले काका म्हणत. अचानक आपल्या पुढ्यात, वर, एक मोटरसायकल रस्त्यावर आलेली त्यांनी पाहिली. त्यांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. झेंडी नाचवली. आरशात एक लाल ठिपका थरथरला असेलही, पण माझ्या आरशात काही धड दिसतच नव्हते. आम्ही चढत राहिलो.

रस्ता ओसाड होता. एकही मजूर नाही, एकही यंत्र चालू नाही. चिमणीला ते खटकले असावे. तिने मान वळवून दरडीकडे पाहिले. पण वर माणूस मरणाच्या दारात होता. तिने पुन्हा पुढे पाहिले.

वळणावर खडीचा ढीग पसरला होता आणि चढ एकदम उभा झाला. तिथे हळू जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिने पहिला गिअर टाकला. मी जोर लावायला गेले आणि आत तीच पोकळी आली. आचका बसला. चिमणीने रेस पिळली. मी एकदा डरकाळी फोडली, मागचे चाक खडीत जागच्या जागी फिरले आणि माझा श्वास तुटला. मी बंद पडले.

तिने किक मारली. मी इतकी तापले होते की अंगात धुगधुगी उरली नव्हती. दुसरी किक. तिसरी. काही नाही.

आणि मग, मित्रांनो, माझा आवाज नाही म्हटल्यावर डोंगराचा आवाज ऐकू आला. आधी वारा. मग खडीवरून धावणारी पावले. आणि शिट्टी. तुटक, घाबरलेली, मध्येच श्वास संपल्यामुळे चिरकणारी शिट्टी.

चिमणीने वळून पाहिले. झेंडीवाले काका चढावरून धावत येत होते. तोंडातली शिट्टी फेकून ते ओरडले, "वात लावलीय! वर वात लावलीय! गाडी सोड!"

चिमणीने वर पाहिले. डोक्यावरच्या दरडीतून धुराची एक बारीक रेघ निघत होती.

मला वाटले, ती पळेल. ती पळाली नाही. ती पेटीची पट्टी सोडू लागली. सकाळी रागाच्या भरात तिने पट्टी करकचून आवळली होती आणि आता बक्कल निघता निघेना. काका येऊन पोचले. त्यांनी तिचा दंड धरून ओढले.

"सोड ते! मरायचंय का?"

"रक्त आहे त्यात, काका! वर माणूस..."

काकांनी एक शिवी हासडली आणि तिला सोडून बक्कलाला हात घातला. चार हात एका बक्कलाशी झटत होते आणि वर ती रेघ जाड होत होती. मी स्टँडवर तिरकी उभी होते. मला हलता येत नव्हते, काही सांगता येत नव्हते. इतके दिवस गल्ली हादरवणाऱ्या माझ्या गळ्यातून साधी किणकिणसुद्धा निघत नव्हती.

खटकन पट्टी सुटली. चिमणीने पेटी पोटाशी धरली. थोड्या अंतरावर रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी सिमेंटची रुंद मोरी होती. दोघे तिकडे धावले. काकांनी आधी पेटी आत सरकवली, मग चिमणीला मानेला धरून वाकवले आणि आत ढकलले. आता त्यांनीही आत जायचे होते. ते वाकले.

आणि डोंगर फुटला.

मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत, स्वतःही केले आहेत. पण त्या आवाजापुढे माझी गुरगुर म्हणजे पोरखेळ होता. आधी हवेचा धक्का आला, त्याने मी आडवी झाले. मग दगड पडू लागले. टाकीवर, दिव्यावर, चाकांवर. एक आरसा उडाला. मग धूळ. इतकी धूळ की दिवस मावळल्यासारखे झाले. धूळ बसेपर्यंत मला कळत नव्हते की मोरीपाशी कुणी जिवंत आहे की नाही.

आधी पेटी बाहेर आली. तिच्यामागून चिमणी, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. तिने वळून काकांचा हात धरला आणि काका किंचाळले. मोरीत शिरता शिरता एक दगड त्यांच्या उजव्या खांद्यावर बसला होता.

चिमणी तिथेच बसकण मारून रडू लागली. काकांनीच तिला दटावले. "रडतेस काय? जा ना आता! त्या माणसाला कशाला ताटकळत ठेवतेस?"

रस्ता दगडांनी बुजला होता. दोन्ही बाजूंनी मजूर धावत आले. काहींनी काकांना उचलले. बाकीच्यांनी ढिगाऱ्यावर साखळी केली आणि ती पेटी एका हातातून दुसऱ्या हातात, तान्ह्या लेकरासारखी, पलीकडे नेली. चिमणी तिच्यामागून दगडांवरून रांगत गेली. पलीकडून रुग्णालयाची गाडी आली होती. वखारीतला तो कामगार वाचला. त्याची बोटे गेली, पण जीव राहिला.

मला एका टेम्पोत घालून गॅरेजमध्ये आणले. रेडिओने माझे इंजिन उघडले. धूर सोडणारा माझा व्हॉल्व्ह कडेने जळून गेला होता, म्हणूनच तापल्यावर माझ्यात दम उरत नव्हता. बाबा शेजारी उभे होते. रेडिओ म्हणाला, "जेट बदलल्याशिवाय मी गाडी बाहेर सोडायलाच नको होती."

"आणि मी रविवारची वाट बघायला नको होती," चिमणी म्हणाली.

बाबा काय बोलतात याची मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "तुला भीती वाटत होती, चिमे. मी आवाजाबद्दल भांडत बसलो. भीतीबद्दल विचारलंच नाही." मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि माझ्या चाकाची वाकलेली तार सरळ करायला बसले.

माझा जुना सायलेन्सर केव्हाच भंगारात जाऊन वितळला होता. रेडिओने माझ्याच बनावटीचा दुसरा शोधून आणला. नवा व्हॉल्व्ह आला, एक आरसा आला, जोरकस हॉर्न आला. चिमणीने लांबून डोळ्यांत भरेल असे पिवळेजर्द जाकीट घेतले आणि दिवसाही माझा दिवा लावून ती निघू लागली. मोठ्या गाड्या अजून कधीतरी अंगावर येतात. तेव्हा ती हॉर्न वाजवते, वेग कमी करते आणि त्यांना पुढे जाऊ देते.

आम्ही काकांना भेटायला गेलो. ते रुग्णालयाच्या व्हरांड्यात हात गळ्यात बांधून बसले होते. चिमणी मान खाली घालून म्हणाली, "काका, खरंच सांगते, मला ऐकू आलं नाही."

काका म्हणाले, "मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतेय पोरगी. मग म्हटलं, चला, जाऊन दोन शिव्या तरी हासडाव्यात." ते हसले आणि हसता हसता कळ येऊन थांबले.

मित्रांनो, त्यांचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी सांगितले, जाणारही नाही. त्यांना झेंडीचे काम सोडावे लागले. ते आता कामाच्या जागेवर हत्यारांच्या कोठीशी बसतात. आम्ही डोंगरावर जातो तेव्हा चिमणी मला तिथे उभी करते. ती त्यांच्या सदऱ्याचे वरचे बटण लावून देते, कारण डाव्या हाताने ते त्यांना जमत नाही. दोघे चहा पितात आणि इकडचे तिकडचे बोलतात.

मी उन्हात उभी राहून त्यांच्याकडे पाहते. माझा व्हॉल्व्ह जळला, नवा मिळाला. आरसा फुटला, नवा मिळाला. माझे सगळे सुटे भाग दुकानाच्या फळीवर मिळतात. काकांचा खांदा कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणून एवढेच सांगते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी एखादी गाडी तुमच्या हातात येईल. तिला वेळेवर तेल द्या, तिचा प्लग बघा, तिच्या पोटातले काही बदलायचे झाले तर अर्धवट बदलून सोडू नका. आणि तिचा आवाज वाढवावासा वाटला, तर आधी क्षणभर तिचे इंजिन बंद करून उभे राहा. त्या शांततेत जे जे ऐकू येईल, त्यातच कुणीतरी तुमच्यासाठी मारलेली हाकही असू शकते.